नामांतर ते नामविस्तार : प्रस्थापित पक्ष कोणाला घाबरले?

बीडमध्ये शिकलेल्या आपल्या पोरांच्या पदवीवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असे छापलेले असते. यातला 'मराठवाडा' शब्द का टिकला, हे आम्ही शिबिरांत विचारतो. उत्तर फार थोड्यांना येते.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. मुख्यमंत्री शरद पवार होते. लगेच मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना ठार मारले गेले. लक्षात घ्या, तेव्हा मराठवाड्यात शिवसेनेची ताकद नव्हती. हा गावोगावच्या सवर्णांचा जातीय राग होता, त्याला प्रादेशिक अस्मितेचे गोंडस नाव दिले गेले. सरकारने काय केले? जाळणाऱ्यांना आवरण्याऐवजी ठरावाची अंमलबजावणीच थांबवली. विधिमंडळाच्या ठरावापेक्षा काडेपेटी भारी ठरते, हे सगळ्यांना दिसले.

१९८५ नंतर शिवसेना मराठवाड्यात पसरू लागली, तेव्हा तिला नांगरलेले रान आयते मिळाले. मुस्लिमद्वेष आणि नामांतरविरोध एकाच सभेत बोलला जाऊ लागला. १९८८ साली औरंगाबाद महापालिकेत ती सर्वात मोठा पक्ष बनली.

त्याच सुमारास 'रिडल्स'चा वाद पेटला. बाबासाहेबांचे लेखन राज्य सरकारच छापत होते, तरी राम-कृष्णावरील प्रकरण वगळा म्हणून शिवसेना रस्त्यावर आली. शंकरराव चव्हाणांचे काँग्रेस सरकार डगमगले. आपल्या लोकांनी मुंबईत प्रचंड मोर्चा काढला, तेव्हा कुठे प्रकरण वाचले. पण या मतांशी शासन सहमत नाही, अशी तळटीप चिकटलीच! राज्यघटनेच्या शिल्पकाराशी असहमती नोंदवणारे हे सरकार स्वतःला फुले-शाहू-आंबेडकरांचे वारसदार म्हणवत होते.

मतदार दुखावू नयेत म्हणून हे सगळे चालले होते ना? मग निकाल पाहा. १९९० मध्ये शिवसेनेचे ५२ आणि भाजपचे ४२ आमदार आले. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला, सोळा वर्षांनी, पुन्हा पवारांच्याच कारकिर्दीत, नामांतराऐवजी नामविस्तार झाला. 'मराठवाडा' ठेवला आणि नांदेडला वेगळे विद्यापीठही दिले. विरोधकांचे समाधान व्हावे म्हणून केलेली ही तडजोड. पुढच्याच वर्षी युतीचे १३८ आमदार निवडून आले आणि काँग्रेस ८० वर घसरली. आम्ही असे म्हणत नाही की पराभव फक्त नामांतरामुळे झाला. बंडखोरी होती, बाबरीनंतरची मुंबई होती. पण अर्धे देऊन उजवे शांत झाले नाहीत, एवढे तरी मान्य करा.

आमच्या बीडचे गोपीनाथ मुंडे भाजपचे असूनही नामांतराच्या बाजूने उभे राहिले, हे आम्ही विसरलेलो नाही. मात्र ते उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री असलेल्या युती सरकारनेच मराठवाड्यातले ॲट्रॉसिटीचे अकराशेहून अधिक खटले मागे घेतले. त्या फायली ज्या ठाण्यांत नोंदल्या गेल्या, तिथे काँग्रेसच्या राज्यातही तपास रखडलेलाच होता.