जुन्या सायकलींचे जतन

मराठी माणसाच्या सायकलप्रेमाचा मागोवा घेताना सीमाभागातील बेळगावचे स्मरण प्रथम होते. तेथे १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. एका मोठ्या उद्योगाचा तो आरंभ ठरला. सायकलींचे शहर म्हणून लौकिक पावलेल्या पुण्यात पुढे स्वयंचलित दुचाकी आल्या आणि कित्येक जुन्या सायकली भंगारात गेल्या. अशा काळात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकली जमवून त्यांची निगुतीने दुरुस्ती केली व २०१७ मध्ये कर्वेनगरात संग्रहालय उभारले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनविलेली बी.एस.ए.ची घडीची सायकल त्यांच्या संग्रहात आहे. मूळ सुटे भाग दुर्मिळ झाल्याने हे काम चिकाटीचे. ग्रंथ वाचकाच्या हाती जिवंत राहतो, तशी सायकलही चालविणाऱ्याच्या पायी जिवंत राहते.