मुसीचा महापूर आणि स्थानिक अभियंत्यांचे शिक्षण

दि. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराने हैदराबाद शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला व हजारो माणसे प्राणास मुकली. या आपत्तीच्या इतिहासात पुढे बांधलेल्या धरणांचा उल्लेख नेहमी होतो. पुराची चिकित्सा करू शकणारी माणसे कोठून आली, हा प्रश्न मात्र सहसा उपेक्षित राहतो.

निजाम सरकारने १९०९ मध्ये पाचारण केलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे विद्यार्थी. १८८४ पासून मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांची घडण झाली होती. हैदराबादेत केवळ नदीच्या पात्राची पाहणी करून ते थांबले नाहीत. वरच्या खोऱ्यातील पर्जन्याच्या नोंदी व तलावांची स्थितीही त्यांनी तपासली. खोऱ्यातील ७८८ तलावांपैकी २२१ फुटले होते. पूर शहरात दिसला, तरी त्याची सिद्धता शहराबाहेर झाली होती, हे यावरून स्पष्ट झाले. उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे जलाशय याच विचाराचे फळ होत.

परंतु हा विचार बाहेरून आलेल्या तज्ज्ञाचा होता. उस्मानिया विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९२९ मध्ये, म्हणजे दोन्ही जलाशय पूर्ण झाल्यानंतर, सुरू झाले. शहराचे रक्षण आधी व रक्षकांचे शिक्षण मागाहून, असा हा क्रम होता.

पुढे संकटाचेही स्वरूप पालटले. ऑगस्ट २००० व ऑक्टोबर २०२० मधील पुरांत प्रत्यक्ष शहरावर कोसळलेला पाऊस, अरुंद झालेले नाले आणि बुजलेले तलाव हीच मुख्य कारणे ठरली. अशा पुराला नदीवरील धरण आवर घालू शकत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांत शहरांतील दर चार चौरस किलोमीटरांस एक स्वयंचलित पर्जन्यमापक असावा, अशी शिफारस आहे. मात्र यंत्राने दिलेला आकडा कोणत्या वस्तीत किती वेळात पाणी चढवील, हे यंत्र सांगत नाही. तो नाला व तो उतार जाणणारा नगरपालिकेचा अभियंताच ते सांगू शकतो.

तात्पर्य, विश्वेश्वरय्यांचा खरा वारसा दोन जलाशयांपुरता मर्यादित नाही. नोंदीवरून कारणाकडे व कारणावरून उपायाकडे जाण्याची त्यांची पद्धत हाही तो वारसाच होय. जलाशय एकदा बांधले की पिढ्यान् पिढ्या टिकतात. ही पद्धत मात्र प्रत्येक पिढीला, त्या त्या शहराच्या भूमीवर, नव्याने शिकवावी लागते.