फुकट शाळेची फी

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनला लिहून दिलं : गरीब शेतकऱ्याला पोरं गुरांमागं आणि शेतात लागतात, म्हणून ती शाळेत येत नाहीत. त्यांना शिष्यवृत्त्या द्या, बक्षिसं द्या. पोराची मजुरी हीच खरी फी, हे जोतीरावांनी तेव्हाच ओळखलं होतं.

१९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत न् सक्तीचं केलं. पोर न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड. महाराजांचे उपकार आपण विसरणार नाहीच. पण दंड वहीत चढला, बुडालेली मजुरी कुठल्या वहीत?

२००९ च्या कायद्यानं ६ ते १४ वयाच्या पोरांना शिक्षण फुकट मिळालं. मित्रांनो, वस्तीत जाल तेव्हा फी विचारू नका. धाकट्याला कोण सांभाळतं, ते विचारा.

माझी शाळाही फुकटच होती. अक्काचं नाव मात्र दुसरीतच काढलं. आई खुरपायला जायची, धाकटा रांगता. आई म्हणाली, "दोघंबी साळंत गेल्याव खायाचं काय?"

मी मॅट्रिक झालो. अक्का अजून दुसऱ्याला पाटी विचारून एस्टीत चढते.