माईंचा त्याग आणि सफाई कामगाराचे हातमोजे

१८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा सावित्रीमाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला माईंनी पाठीवरून आणले. माईंना संसर्ग झाला आणि १० मार्चला त्यांचे निधन झाले.

विंचूरला आम्ही या त्यागाला अभिवादन करतो. पण आजही रुग्णालयातील सुया, रक्ताळलेले बोळे उचलणारे हात बहुतांशी दलितांचेच का? २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम सांगतात : हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला रुजू होताना व पुढे दरवर्षी प्रशिक्षण, हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस द्या. ज्ञान डॉक्टर-परिचारिकांपाशीच थांबले, तर उरते ती जातीची उतरंड. माईंनी त्याग स्वेच्छेने केला. कामगाराकडून तो सक्तीने घेऊ नका.

जयभीम!