बांध सरकारचा, पाणी कोणाचं?

२९ एप्रिल १९२७ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या खालच्या अंगाला कार्नार्व्हन इथे मिसिसिपीचा बांध सुरुंग लावून फोडला गेला. महापुरातून शहर वाचवण्यासाठी सेंट बर्नार्ड आणि प्लॅकमिन्स हे परगणे बुडवायचं ठरलं होतं. शहरातल्या धनिकांनी भरपाईचा शब्द दिला होता. बुडालेल्यांच्या हाती पडला तो त्याचा किरकोळ हिस्सा.

पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने पूरनियंत्रण अंगावर घेतलं, पण कायद्यात एक कलम घालून: पुराच्या पाण्याने कुठेही नुकसान झालं, तरी सरकार देणं लागत नाही. खासगी विमा कंपन्यांनीही पुरातून अंग काढून घेतलं. अखेर १९६८ मध्ये सरकारलाच पूरविमा सुरू करावा लागला. वाऱ्याची पॉलिसी वेगळी, पुराची वेगळी.

२९ ऑगस्ट २००५ ला कतरिना वादळ आलं आणि न्यू ऑर्लिन्सचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. किनाऱ्यावर कित्येक घरांचा नुसता चौथरा उरला. आता छप्पर आधी वाऱ्याने नेलं की भिंती आधी लाटेने पाडल्या, हे सिद्ध कोण करणार? मिसिसिपीचे सिनेटर ट्रेंट लॉट यांनाही विमा कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं.

सरकारविरुद्धचे दावे न्यायाधीश स्टॅनवुड डुव्हाल यांच्यापुढे आले. शहरातल्या कालव्यांच्या भिंती सदोष रचनेमुळे कोसळल्या होत्या. तरी २००८ मध्ये डुव्हाल यांनी लष्कराच्या अभियंता दलावर ताशेरे ओढत ते दावे फेटाळले. भिंती पूरनियंत्रणाच्या, म्हणून १९२८चं कलम लागू!

जहाजांसाठी खोदलेल्या सुमारे १२२ किलोमीटरच्या ‘मिस्टर गो’ कालव्याची गोष्ट निराळी. काठ ढासळून तो रुंदावला, खाऱ्या पाण्याने भोवतालची दलदल मेली, लाटांना मोकळी वाट मिळाली. हा कालवा पूरनियंत्रणासाठी नव्हताच, म्हणून २००९ मध्ये डुव्हाल यांनी सरकारला दोषी धरलं. थोडक्यात, पूर अडवायला बांधलेली भिंत पडली तर सरकार सुटणार, आणि जहाजांचा कालवा नीट राखला नाही तर अडकणार. तेही टिकलं नाही. अपील न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये निकाल उचलून धरला आणि सप्टेंबरमध्ये त्याच तीन न्यायाधीशांनी तो फिरवला: कालव्याची निगा हा धोरणाचा प्रश्न, त्यावर दावा चालणार नाही.

मग लोकांनी राज्यघटनेचा आधार घेतला. मोबदल्याशिवाय सरकार खासगी मालमत्ता घेऊ शकत नाही. २०१५ मध्ये जिंकलेला हा दावाही २०१८ मध्ये अपिलात फेटाळला गेला: देखभाल न करणं म्हणजे मालमत्ता घेणं नव्हे.

ह्यूस्टनमध्ये याच तरतुदीने २०१९ मध्ये वेगळा निकाल दिला. २०१७च्या हार्वे वादळात अॅडिक्स आणि बार्कर धरणांमागे तुंबलेलं पाणी घरांत शिरलं होतं. ते सरकारने विकत न घेतलेल्या जमिनीवरही चढेल हे अभियंता दलाला आधीपासून माहीत होतं, म्हणून न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं.