महासागरी पृष्ठप्रवाहांची ऊर्जा
महासागरी पृष्ठप्रवाहांची ऊर्जा : सागरपृष्ठावरील वाहत्या पाण्याची गतिज ऊर्जा. ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. साहजिकच संगणकीय प्रतिमानात वेग निम्मा आला, तर ऊर्जा केवळ एक-चतुर्थांश भरते. प्रवाहाची दिशा अचूक दाखविणारे प्रतिमानही या कसोटीस उतरेलच असे नाही.

पूर्वी प्रवाहांची माहिती जहाजांच्या नोंदवह्यांतून मिळे. जहाजाच्या अपेक्षित व प्रत्यक्ष स्थानांतील फरकावरून प्रवाह काढीत. अशाच नोंदींवरून क्लाउस विर्टकी यांनी १९७३ मध्ये हिंदी महासागरातील, मॉन्सूनांच्या संधिकाळी वर्षातून दोनदा पूर्वेकडे वाहणारा विषुववृत्तीय झोत दाखवून दिला. मात्र जहाजे ठराविक मार्गांनीच जात आणि भोवऱ्यांची ऊर्जा सरासरीत लोपून जाई.

उपग्रहांद्वारे मागोवा घेता येणाऱ्या बोयांनी ही उणीव बरीच भरून काढली. बोयाखाली सु. १५ मी. खोलीवर भोके पाडलेली लांब कापडी नळी लोंबते. तिच्यामुळे बोया वाऱ्याऐवजी पाण्याबरोबर जातो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे एस. एस. सी. शेणॉय, पी. के. साजी व ए. एम. आल्मेडा यांनी १९९९ मध्ये बोयांच्या मार्गांवरून उष्ण कटिबंधीय हिंदी महासागराचे पृष्ठाभिसरण व गतिज ऊर्जा मांडली. २००५ मध्ये जगभरच्या बोयांची संख्या १,२५० झाली.

परंतु मापदंडही सदोष ठरू शकतो. नळी तुटून गेलेले कित्येक बोये शाबूत समजले गेल्याने प्रवाह बदलत असल्याचा खोटा कल दिसत होता, हे २०११ मध्ये उघड झाले.

ब्रायन आर्बिक व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये बोयांच्या ताशी नोंदींशी दोन सूक्ष्म प्रतिमाने ताडून पाहिली. वारा बदलताच पाणी पृथ्वीच्या परिवलनामुळे वर्तुळाकार फिरू लागते. या फेऱ्याचा काळ अक्षांशावर ठरतो : परभणी जिल्ह्यातील सेलूच्या अक्षांशावर, म्हणजे पश्चिमेस अर्नाळ्याजवळच्या समुद्रात, तो सु. ३६ तास येतो. ज्या प्रतिमानास वाऱ्याची माहिती कमी वेळा पुरविली होती, त्यात ही ऊर्जा फार कमी आढळली. त्याच प्रतिमानात अर्धदैनिक भरती-ओहोटीची ऊर्जा मात्र प्रमाणाबाहेर वाढली. तळावरील उंचवट्यांमुळे अंतर्गत लाटांना होणारा रोध त्यात धरलेला नव्हता, हे याचे संभाव्य कारण होय. दुसऱ्या प्रतिमानात तो धरला होता व त्याची ऊर्जा बोयांच्या अधिक जवळ आली.