याचना आणि मागणी

कोल्हापुरात इतिहास म्हटला की पन्हाळा, ताराराणी आणि शाहूमहाराज ही नावे ओघानेच ओठांवर येतात. आज आम्ही सांगणार आहोत तो इतिहास मात्र तुटलेल्या बोटांचा आणि लुळ्या पडलेल्या पायांचा आहे. अपंग माणसाने मदत मागावी ती कोणत्या तोंडाने, एवढाच त्यातला प्रश्न.

आपल्याकडे त्याचे जुने उत्तर होते देवळाची पायरी. अपंगत्व म्हणजे पूर्वजन्मीचे पाप, आणि अपंगाला दिलेला पैसा म्हणजे देणाऱ्याचे पुण्य. या हिशेबात घेणाऱ्याच्या वाट्याला खाली घातलेली मान तेवढी येई. गिरण्या-कारखाने आले तेव्हाही हीच रीत चालू राहिली. पट्ट्यात हात गेला, तर मालकाची मर्जी असेल तेवढे मिळायचे.

ही रीत प्रथम मोडली ती १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने. १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्याची खुबी अशी की, मालकाची चूक सिद्ध करण्याचे ओझे कामगारावर राहिले नाही. अपघात कामावर असताना व कामामुळे झाला, एवढे दाखवले की पुरे. मेहेरबानीच्या जागी दावा आला.

हा कायदा आम्ही पुस्तकात वाचण्याआधी हातावर वाचला. १९९१ साली उद्यमनगरातल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसखाली आमच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. कायद्याच्या परिशिष्टात अंगठ्याला ३० टक्के, तर्जनीला १४ आणि मधल्या बोटाला १२ टक्के धरले होते. म्हणजे आमचे नुकसान २६ टक्क्यांचे. युनियनने दावा लढवला, पैसेही मिळाले. परंतु ‘सदऱ्याची गुंडी लावून दे’ असे घरच्या माणसाला म्हणायला आम्हांला दोन वर्षे लागली! गेटसभेत हक्कांवर भाषण ठोकायचे आणि उजवा हात मात्र खिशात दडवायचा, असा आमचा खाक्या. आयुक्तांपुढे मागताना लाज वाटली नाही, कारण तिथे आमच्यामागे शेकडो सभासद उभे होते. घरी आम्ही एकटे होतो.

या कोड्याचा उलगडा आम्हांला आपल्याच गावच्या नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मचरित्राने केला. ऐन सोळा-सतराव्या वर्षी त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्या खचल्या होत्या. तेव्हा बाबूकाका दिवाण त्यांना भेटले. त्यांचे पायही गेलेले होते, तरी ते स्वतःच्या हिमतीवर उभे होते. हे ध्यानात घेण्याजोगे आहे. धडधाकट माणसाचा धीर कोरडा वाटतो. त्याच वाटेने आलेल्याचा शब्द पटतो. पुढे नसीमादीदींनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था इथेच उभी केली. त्यातून उचगावचे ‘घरौंदा’ वसतिगृह झाले, समर्थ विद्यामंदिर झाले.

वसतिगृहच का? कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. १९०१ पासून शाहूमहाराजांनी इथे जातीजातींची वसतिगृहे काढली, ती खेड्यातल्या पोराला आधी राहायला जागा हवी, मग शाळा, हे ओळखून. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी ५० टक्के जागा राखल्या. तोच विचार अपंगांपर्यंत कायद्याने पोहोचायला पुढे नव्वदाहून अधिक वर्षे गेली. दिल्लीत अपंगांच्या संघटनांनी निदर्शने केली, तेव्हा कुठे १९९५ च्या डिसेंबरात संसदेने कायदा केला आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा ठेवल्या. २०१६ च्या कायद्याने त्या ४ टक्के झाल्या आणि अपंगत्वाचे मान्य प्रकार २१ झाले.

या साऱ्यातून आम्ही एक गोष्ट शिकलो. एकट्याने खालमानेने मागितली की ती याचना ठरते; चारजणांनी मिळून मागितली की तीच मागणी होते. पण मागणीची सवय घरातूनच लागावी लागते. जो आपल्या माणसाला ‘जरा हात दे’ म्हणू शकत नाही, तो सरकारला काय म्हणणार? आमच्या युनियनमध्ये बोटे गमावलेला नवा गडी आला, की आम्ही दाव्याचा अर्ज भरण्याआधी त्याला आमचा हात दाखवतो. अर्ज मग भरता येतो.

सरकारदरबारी आज ‘दिव्यांग’ म्हणतात. शब्द बदलला, बरे झाले. परंतु या व्यासपीठाला अजून पाच पायऱ्याच आहेत, चाकाची खुर्ची चढेल असा उतार नाही. पुढल्या वसंतात तो असावा, अशी आमची संयोजकांकडे मागणी आहे. आपण सर्वांनी तीत सामील व्हावे. आणि भाषणाला उभे राहण्यापूर्वी आमच्या कोटाची गुंडी एका तरुण कार्यकर्त्याने लावून दिली, त्याचे आभार. आम्हीच त्याला हाक मारली होती.